बाईंची टेप

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी गिअरबॉक्सचे आवाज तपासते. बंद खोलीत गिअरबॉक्स फिरवायचा, हेडफोन लावायचे आणि कुठं कुरकुर येते का ते ऐकायचं. शिरूरहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही माझ्या कानात काहीतरी चालू असतंच.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मोबाइलवर एक वेगळंच रेकॉर्डिंग लागलं. लांबच्या शहरातल्या एका संस्थेनं आपल्या जुन्या टेपा सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्या होत्या. पन्नासएक वर्षांपूर्वी तिथं काही लोक विजेच्या यंत्रांमधून सूर काढून संगीत बांधत होते. सुरुवातीला एका बाईचा आवाज आला, "थांबा हं, काटा अजून हलतोय." मग एक सूर सावकाश वर चढू लागला. कलाकाराच्या नावापुढं लिहिलं होतं, अज्ञात.

मी ते वाक्य पुन्हा लावलं. परत लावलं. उतरायची वेळ झाली तरी उठले नाही. शेजारणीनं हलवलं तेव्हा भानावर आले.

शिरूरच्या मिशनच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं ते वाक्य होतं. प्रयोग करताना कुणी घाईनं आकडा वाचायला गेलं की त्या हेच म्हणायच्या. एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला डोळे मिटून बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकायला लावली होती. मी मागच्या बाकावरून तोंडानं तशीच गुणगुण काढली आणि वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत. पुढं बोलावून त्यांनी मला ती परत काढायला सांगितली, मन लावून ऐकली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी दिवस वाटायचं.

पण टेपवरचा आवाज बाईंपेक्षा बारीक होता. त्या असतील की नसतील, या घोळात आठवडा गेला. जेवताना मध्येच उठायची, ते वाक्य ऐकायची. कामावर एक खराब गिअरबॉक्स पास केला आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. रविवारी न राहवून मिशनच्या चर्चमध्ये गेले आणि तिथली देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या आबांना बाईंचा पत्ता विचारला.

"बाई व्हय? त्या आता दौंडला हायत, भाचीकडं," आबा म्हणाले. "कान जरा कमी झाल्यात, पन डोकं एकदम शाबूत हाय."

तशीच स्टँडवर गेले. चौफुल्याला बस बदलली. दौंडला पोचेपर्यंत काय बोलायचं ते दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं.

भाचीनं दार उघडलं. बाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगानं पार वाळलेल्या. मी ओळख सांगितली आणि मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. त्यांचे हात थांबले. सूर चढू लागला तशा त्या म्हणाल्या, "वेग चुकलाय."

"म्हणजे हा तुमचाच आवाज आहे, बाई?"

"माझाच. पण मी अशी पिपाणीसारखी बोलत नव्हते. त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं, टेपचं मशीन हळू फिरत होतं. आता हे लोक नीट वेगानं वाजवतात, म्हणून सगळं वर गेलंय. मागं विजेची गुणगुण आहे बघ. आपल्याकडं ती नेहमी पन्नास हर्ट्झची असते. ती पन्नासावर आण, बाकीचं आपोआप जागेवर येईल."

मग हळूहळू सगळं कळलं. दीड वर्ष त्या तिथं होत्या. आई अंथरुणाला खिळली म्हणून शिरूरला परतल्या आणि शाळेत लागल्या. टेपेची एक प्रत मागायला दोन पत्रं टाकली होती. उत्तर आलं नाही.

"आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? ऐकवायला काही नव्हतं."

"राग नाही येत तुम्हाला?"

"येतो ना," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलू लागल्या.

मला तर बसवत नव्हतं. घरी येऊन लॅपटॉपवर मोजलं. गुणगुण चोपन्नावर होती. ती खाली आणली आणि बाईंचा खरा आवाज आला, वर्गातला. मी ते संस्थेला पाठवलं आणि सगळी हकीकत लिहिली. तीन आठवडे उत्तर नाही. मी दिवसातून पाच-सहा वेळा मेल उघडून बघत होते. शेवटी उत्तर आलं, पण त्यांना पुरावा हवा होता. एखादा फोटो, एखादं पत्र.

बाईंकडं कागदाचा कपटाही नव्हता. मी फोनवर चिडून बोलत होते, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सांग, लोकांना ऐकवलंय त्याच्या पुढंही टेप आहे. सूर संपल्यावर माझ्या हातून स्टूल पडतं. मग मी हसते आणि म्हणते, आई गं, बोट चेमटलं."

मी तसंच लिहून पाठवलं. दोन दिवसांनी तिथल्या एका मुलीचा फोन आला. ती मूळ टेप शेवटपर्यंत ऐकून आली होती. स्टूल पडलं होतं, हसू होतं, बोटही होतं. त्याच आठवड्यात 'अज्ञात' जाऊन तिथं बाईंचं नाव आलं, रेकॉर्डिंगही नीट वेगाचं लागलं.

ते दाखवायला मी दौंडला गेले. भाचीनं मोठे हेडफोन आणून ठेवले होते. बाईंनी सगळं ऐकलं. वरचे सूर आता त्यांना ऐकू येत नाहीत. ते आले की मी बोट वर करायचं, असं त्यांनी ठरवून दिलं. भाचीचे डोळे भरून आले होते. बाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

"मधला भाग लांबलाय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मला वाटलं होतं. आता कापता येतं का गं?"

"येतं, बाई."

"मग खुर्ची इकडं ओढ."

मी लॅपटॉप उघडला.