सोनूतात्यांचं गाऱ्हाणं

सोनूतात्या गुरव भर जत्रेत देवासमोर उभे राहून शिव्याशाप द्यायचे आणि सगळा गाव त्याला हात जोडून होकार द्यायचा.

वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून बदलून गेले, तेव्हा पहिल्याच जत्रेत हा प्रकार पाहिला. गाऱ्हाणं म्हणजे गुरवाने गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. त्याच्या प्रत्येक ओळीला लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही. पाऊस, पीक, मुंबईकरांच्या नोकऱ्या हे सगळं तात्यांनी उरकून टाकलं आणि मग आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! जो कोण तुझ्या राईत बंदूक घेवन शिरात, त्येची बंदूक त्येच्याच हातात फुटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने गरजले. त्यांत सगळ्यात मोठा आवाज होता दाजीचा. तो गावातला एकमेव बंदूकवाला. आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला प्रसाद खाताना कळलं असावं.

तात्यांचा सगळा जीव त्या देवराईतल्या ककणेरांत होता. ककणेर म्हणजे धनेश, मोठ्या चोचीचा काळा-पांढरा पक्षी. सांधेदुखीवर त्याचं तेल चांगलं, या खुळापायी आसपासच्या गावांतले ककणेर संपले होते. देवळामागच्या जुन्या सातविणीच्या झाडाच्या ढोलीत मात्र एक जोडी दरवर्षी घर करायची. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि आत तिची पिसं झडतात. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं भरवतो. तो मेला तर आतली सगळी उपाशी मरतात.

"माझ्या बायलेक मी इतक्या वरसांत एक केळा भरवलंय नाय," तात्या सांगायचे. बायको आतून म्हणायची, "आणि ता सांगताना लाज पण नाय!"

झाडाखाली पडलेल्या बिया ते वेचून आणत, सिमेंटच्या पिशव्यांत रोपं करत आणि काजूसाठी उघड्या केलेल्या डोंगरावर नेऊन लावत. त्यांना दया-माया होती ती तेवढ्यापुरतीच. दाजीची बंदूक पुढे खरोखरच फुटली, दोन बोटं गेली. सगळा गाव त्याला बघायला गेला. तात्याही गेले, हात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "तीन आसत. जेवाक पुरी." दाजीच्या आईने त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं. मीही त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

मग देवळाच्या जीर्णोद्धाराचं आलं. मुंबईकरांनी पैसे जमवले, देवळामागे सभामंडप ठरला आणि सातवीण नेमकी त्याच्या आड आली. ऐन शिमगा होता, मादी नुकतीच ढोलीत बसली होती. मी कमिटीच्या अध्यक्षांच्या पायऱ्या झिजवल्या. बऱ्याच विनवण्यांनंतर ते म्हणाले, "ठीक आहे बाई, पिल्लं उडेपर्यंत थांबतो." मी धावतच तात्यांकडे गेले.

"दोन म्हयन्यांची भीक?" तात्या भडकले. "त्येच्यानंतर तोडतले मां? पुढच्या वरसाक ती जातली खंय? नको माका. झाड देवाचा. देवाक इचारा!"

"तात्या, देव हो म्हणाला तर?"

"माझो देव?" ते हसले. "बाईनू, तुम्ही शाळा बघा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यांनी स्वतः कौल लावला. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. झाड तोडायला होकार असेल तर आधी उजवी पडेल, नकार असेल तर डावी. डावी जरा सैल चिकटवायला किती वेळ लागला असता? मनात आणलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण देवाला फसवायची गरजच काय, या तोऱ्यात ते उभे होते.

उजवी पडली.

तात्यांनी ती पाकळी उचलली आणि उलटसुलट करून बघितली. अध्यक्ष म्हणाले, "देवाची इच्छा. आता कशाला थांबायचं?" मी त्यांना आदल्या दिवशीच्या शब्दाची आठवण करून दिली. "देवापेक्षा माझा शब्द मोठा का, बाई?" असं त्यांनी मलाच विचारलं.

संध्याकाळच्या आत झाड आडवं झालं. करवत दाजीनेच चालवली. ढोली फुटली, अंडी चिरडली. पिसं झडलेली मादी मोडका पाय ओढत बाहेर आली. कुत्री धावली. त्यांच्या आधी तात्या पोचले. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि मान मुरगळली. नर पुढे कितीतरी दिवस चोचीत फळं घेऊन येत होता आणि झाड होतं त्या मोकळ्या जागेत घिरट्या घालत होता. परसातल्या रोपांना तात्यांनी पुन्हा पाणी घातलं नाही. मी घालायला गेले तर हातातली कळशी हिसकावून घेतली.

जत्रा आली. नव्या मंडपात, चकचकीत लादीवर तात्या गाऱ्हाण्याला उभे राहिले. पाऊस, पीक, नोकऱ्या झाल्या.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या राईतल्या माहेरवाशिणीक जेणा आपल्या हातान मारल्यान, त्येका पुढच्या जत्रेच्या आत उचल रे म्हाराजा!"

कुणीच काही बोललं नाही. त्यांची बायको तोंडात पदर कोंबून उभी होती. तात्या हात जोडून थांबले. होकाराशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, ते थांबूनच राहिले.

"व्हय म्हाराजा," मागून एकटा दाजी म्हणाला.

तात्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. गावात त्यांनी कुणाचे आभार मानलेले मी तेवढेच पाहिले.

भर पावसात तात्या गेले. ज्या देवाने त्यांच्या भरवशाची लाज राखली नाही, त्याने हे एवढं मागणं मात्र वेळेत पुरं केलं. मी त्या देवळात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.