आधी पाणी, मग तेल

आमच्या दुकानात संध्याकाळी कितीही झाडलं, तरी सकाळी खुर्चीखाली केस सापडतातच. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून संपवावा, तर दुसरा पायात येतो!

दुकान माझ्या सासूबाईंचं, अमेरिकेत, आयसेलिनजवळ. त्या ब्लॅक अमेरिकन. दाट कुरळ्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून देतात. कोपऱ्यातल्या खुर्चीत मी थ्रेडिंग करते. माझं शिक्षण सातवी, आणि भुवईला काही डिग्री लागत नाही. वेण्या घातल्या की केस कित्येक आठवडे बांधलेले राहतात, तुटत नाहीत. पण आतून कोरडे पडतात. म्हणून रोज स्प्रे मारायचा. सासूबाई तो घरीच बनवतात. पाणी, कोरफडीचा गर, जरासं ग्लिसरीन, वरून तेलाचे थेंब. बाटली हलवायची आणि फुस्स!

माझ्या मीराचे केस बापावर गेलेत. पहिल्याच दिवशी माझ्या कंगव्याचे दात पडले, केस जागच्या जागी! तरी उशीवर तिचा एक केस दिसला की मला वाटतं, आता ही टकली होणार, आणि सगळे म्हणणार, आईला जमलं नाही.

*

मीराला पहिल्यांदा वेण्या घातल्या, तेव्हा मी चार मराठी आया करतात तेच केलं. खोबरेल कोमट करून पोरीचं डोकं थबथबवून टाकलं. बाहेर जानेवारी! डेकेअरला पोचेपर्यंत तेल थिजून वेण्या पांढऱ्याफटक. टीचर म्हणाली, "अरे, स्नो सुरू झाला का?" बाहेर लख्ख ऊन.

संध्याकाळी सासूबाईंनी एक वेणी चिमटीत धरली आणि बोटं टिश्यूला पुसली.

"हनी, धिस इज अ हेड, नॉट अ समोसा!"

आधी पाणी, मग तेल, तेही थेंबभर, हे ऐकवून झालं. वर हुकूम सुटला, "मी सांगेपर्यंत मीराच्या केसांना हात लावायचा नाही."

पोटची पोर, आणि वेणीला हात लावायला परमिशन! तेव्हापासून रोज सकाळी दुकानात सासूबाई स्प्रे मारणार, आणि मी दातात दोरा धरून लांबून बघणार.

*

मी काही गप्प बसणारी नव्हे. स्वतःचा स्प्रे बनवायचा ठरवलं. गावाहून आईने फोनवर सांगितलं, मेथ्या भिजवून त्याचं पाणी घे. घेतलं. पण मारणार कुणावर? नवरा बिचारा पुढे आला. आंद्रेच्या डोक्यावर छान जटा आहेत आणि तो बस चालवतो. त्याच्या जटा मी भरपूर भिजवल्या.

बसमध्ये हीटर. दुपारपर्यंत डोकं असं काही घमघमायला लागलं, की एक भारतीय आजोबा उतरता उतरता म्हणाले, "बेटा, मेथीचे पराठे एकटाच खाणार?"

घरी येऊन आंद्रे म्हणाला, "माझं डोकं बघून लोक घाबरतात, हसतात, सगळं झालंय. भूक आज पहिल्यांदा लागली!"

*

आमच्याकडे एक डॉक्टर काकू थ्रेडिंगला येतात. मूळच्या नागपूरच्या, आता रिटायर्ड. थ्रेडिंग झालं की मी कपाळावर गुलाबपाणी मारते. त्या दिवशी ट्रेमध्ये माझा नवा प्रयोग ठेवलेला, ग्लिसरीन सढळ हाताने घालून चिकट झालेला. बाटल्या दोन्ही सारख्याच! काकू म्हणाल्या, "वा, काय गार वाटतंय गं!" आणि गेल्या.

एप्रिल महिना. झाडांवरून परागांची पिवळी पूड नुसती उडत होती. काकू परत आल्या त्या सबंध कपाळ पिवळंधम्मक करून.

"काय गं, थ्रेडिंग केलंस की जेजुरीला नेऊन आणलंस?"

सासूबाईंनी विचारलं, जेजुरी म्हणजे काय? मी सांगितलं, तिथे आमच्या देवाला लोक हळद उधळतात, सगळ्यांची कपाळं पिवळी होतात.

त्या गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे तिथेही कुणीतरी ग्लिसरीन जास्त घालतंय."

*

आईला व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचा सकाळचा कार्यक्रम दाखवला. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, पोरीला न्हाऊ घाला की! कुंडीतल्या तुळशीसारखं नुसतं पाणी काय शिंपडताय?"

मीराला एवढं मराठी कळतं. आता रोज सकाळी ती आजीसमोर डोकं वाकवून उभी राहते, "ग्रॅमा, वॉटर माय तुळस!"

आणि सासूबाई घालतात!

*

मग सासूबाईंचा मनगटाचा त्रास वाढला. इतकी वर्षं वेण्या घालून दुसरं काय होणार? डॉक्टरांनी हाताला पट्टा घातला. बाटलीचा खटका दाबवेना. मीराचे केस दिसायला लागले चक्क दाभणासारखे. दुसऱ्या दिवशी डेकेअरमध्ये फोटो काढणार होते. मी घाबरत घाबरत विचारलं, "मम्मा, मी मारू का?"

शेवटचं गिऱ्हाईक गेलं. सासूबाईंनी दाराला कडी घातली, पाटी उलटी केली आणि चालत माझ्या कोपऱ्यात येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. डोक्यावरचा विग काढला, मांडीवर ठेवला. आत त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या वेण्या, पार सुकलेल्या. लग्न झाल्यापासून मी त्या एकदाही बघितल्या नव्हत्या.

बाटली माझ्या हातात दिली आणि डोळे मिटले.

मी खटका दाबला, आणि पहिलाच फवारा त्यांच्या कानात! दुसरा मानेवरून खाली. पाणीच पाणी.

शेजारी उभी मीरा कमरेवर हात ठेवून कडाडली, "मॉमी! इट्स अ हेड, नॉट अ समोसा!"

सासूबाईंनी डोळे उघडलेच नाहीत.

"हश, बेबी. यू आर नेक्स्ट."