पास्कलच्या वहीतला मठ

पास्कलबद्दल लिहायचं मी वीस वर्षं टाळलं. आता सत्तरी ओलांडली; आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

दोन हजार पाचच्या सुमारास सौदीतल्या अल-खोबरला कंपनीच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. तो वसईचा, ड्राफ्ट्समन. दर शुक्रवारी टेलिफोन कार्ड खरवडून तो गोव्याला फोन लावायचा. तिथल्या काही शतकं जुन्या मठात त्याची आत्या संन्यासिनी होती. खुशाली मिनिटभरात उरकायची, मग चौकशा. "आत्ये, स्वयंपाकघरात दोन विहिरी कशाला? भिंतीतलं ते फिरतं कपाट कुणी बसवलं?" आत्या फोन नव्वदीच्या सिस्टर क्लाराकडे द्यायची. तिने आधीच्या म्हाताऱ्या सिस्टरांकडून ऐकलेलं सगळं पास्कल वहीत उतरवायचा, शेजारी नकाशे काढायचा आणि जेवताना मला वाचून दाखवायचा.

"अरे, हे सगळं कुठेतरी छापलेलं असेल की," मी म्हणायचो.

"बिशपांचं असेल, नाशिककर. भांडी घासणाऱ्या सिस्टरचं कोण लिहिणार? तुझा साहेब?"

मठाची घंटा तडकली तेव्हा वर्षभर परात बडवून प्रार्थनेला बोलवत, हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढचा शुक्रवार कधी येतो, असं मलाही व्हायचं.

एकदा पास्कल कामासाठी आठवडाभर रियाधला गेला. इकडे खोल्यांची तपासणी होणार अशी आवई उठली. तिथे परधर्माच्या खुणांना बंदी, आणि इथे वहीभर क्रूस आणि चर्चचे नकाशे! माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवानाच, रद्द झाला तर? घाबरून मी वही मेसमागच्या पिंपात जाळली. तपासणीला कुणी आलंच नाही.

"सफाईवाल्याने रद्दी समजून नेली असेल," मी त्याला सांगितलं.

पास्कलने दोन दिवस कचरा उपसला. मग म्हणाला, "त्या बिचाऱ्याला कुणी बोलू नका. सिस्टर क्लारा आहे ना, पुन्हा विचारू."

त्याच महिन्यात सिस्टर क्लारा वारली. तेव्हा तो कोरी वही घेऊन माझ्यासमोर बसला. "तू ऐकत होतास ना रे? आठवेल तेवढं सांग."

मला बरंच आठवत होतं. पण बोलू लागलो असतो, तर वहीचं काय झालं तेही तोंडून निघालं असतं.

"मला कुठे काय आठवतंय," मी म्हणालो.

गेल्या वर्षी धीर करून वसईला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. पास्कलला जाऊन चार महिने झाले होते.

"शेवटपर्यंत मठाचंच बोलायचे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे काही काम होतं का, भाऊ?"

"नाही वहिनी. सहजच केला होता."