पाच मंत्र्यांचा देश

पीएच.डी.च्या गाईडांनी विषय दिला तेव्हा लिख्टेनश्टाइन हा देश आहे की गाव, हेही मला नीट माहीत नव्हतं. युरोपातलं एवढंसं संस्थान. मंत्री पाच, मोठे पक्ष दोन, आणि ते दोघं मिळून जवळजवळ साठ वर्षं राज्य करत आलेले. "या विषयाला आपल्याकडं कुणी हात लावलेला नाही," सर म्हणाले. मी मान डोलावली आणि अडकले.

सहा वर्षं गेली. सकाळी रेल्वेनं नंजनगूडच्या कॉलेजात शिकवायला, संध्याकाळी म्हैसूरच्या विजयनगरातल्या घरी जर्मन शब्दकोश. लग्नाचं कुणी काढलं की आई म्हणायची, "प्रबंध होऊ दे." बंगळूरचं एक स्थळ तेवढ्यासाठी थांबलंही होतं.

शेवटचं प्रकरण टाइप करायला दिलं, त्याच आठवड्यात लिख्टेनश्टाइनच्या ग्रंथालयातल्या बाईंचं पाकीट आलं. त्या मला आपणहून कागद पाठवत. या वेळी आत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. धाकटा पक्ष सरकारातून बाहेर पडला होता. आघाडी संपली होती. आणि ती मोडणं शक्य नाही, हेच तर मी चारशे पानं मांडलं होतं.

कात्रण मी कपाटात साड्यांखाली सरकवलं. आठ दिवसांनी अप्पांना सांगितलं.

"म्हैसूरात कुणाला कळणार गं? आहे तसा देऊन टाक."

"आणि कुणी विचारलं तर?"

"अय्यो, तो देशच कुणाला ठाऊक नाही!"

आतून आई म्हणाली, "साकु गं आता, पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी कात्रण सरांच्या टेबलावर ठेवलं. खरं सांगायचं तर, ते 'असू दे' म्हणतील अशी आशा होती. त्यांनी माझ्याकडून त्याचा अर्थ दोनदा समजावून घेतला. मग चष्मा पुसत म्हणाले, "आता खरा विषय सापडला. पहिल्यापासून लिहा."

आणखी अडीच वर्षं. बंगळूरच्या मंडळींनी मध्येच दुसरीकडं जमवलं. पत्रिका आम्हालाही आली. आई-अप्पा जाऊन जेवून आले.

तोंडी परीक्षेत सगळे प्रश्न आघाडी का मोडली यावरच आले. उत्तरं देऊन बाहेर आले तर अप्पा बाकावर बसलेले.

"झालं?"

"झालं."

"मग आता काय करणार?"

"आधी ग्रंथालयातल्या त्या बाईंना कळवते," मी म्हटलं.