काळी तीन वाजत नव्हती

"सकाळी दहाला कुणी भूप वाजवतं का, बाई?" एक्झामिनरसाहेबांनी फॉर्मवरची नजर न काढता विचारलं. "आणि त्याच्या खाली यमन. दोन्ही संध्याकाळचे. कोणत्या वेळी काय वाजवायचं एवढं तरी पोरींना शिकवत जा."

समोर सतरंजीवर गोदा पेटी घेऊन बसलेली. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. मी दाराशी उभी. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत आमच्या शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी, वकीलसाहेब बसले होते, आणि त्यांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मी गप्प राहिले. आज इतक्या वर्षांनी सांगते, एक्झामिनरचा मला जेवढा संताप आला नाही तेवढा माझ्या त्या गप्प राहण्याचा आला.

आता हे नीट पहिल्यापासून सांगायला पाहिजे.

उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, मुलींच्या शाळेत मी पेटी शिकवायची. मी काही कुणा उस्तादाची शागीर्द नव्हे. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे एक दोस्त मुन्शीजी संध्याकाळी पेटी घेऊन घरी यायचे. त्यांची बोटं बघून बघून मी शिकले. पुढं पुस्तकं मिळतील तशी वाचली, चुकले, सुधारले. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला आणि दोन-तीन वर्षांत तिकडच्या एका संगीत मंडळानं आमच्या शाळेला परीक्षेचं सेंटर दिलं. पहिलीच परीक्षा, सगळ्यात खालची, नुसती शिकाऊ मुलांची. सात मुली बसल्या. त्यांत गोदा एक.

गोदा परंड्याकडची. वडील तिकडं कचेरीत शिपाई. पोरीला इथं मावशीकडं ठेवलेली. फॉर्म भरायच्या आधी ते स्वतः एसटीनं आले आणि मला म्हणाले, "बाई, ट्रेनिंगला घेताना गाण्याची एक परीक्षा असली की वजन पडतं म्हणतात. पास झाली तर पाठवतो ट्रेनिंगला, मास्तरीण होऊ द्या. न्हाय झाली तर घेऊन जातो. लग्नाला एक जागा बघून ठेवलीय म्या." माणूस वाईट नव्हता. सरळ बोलला. पण त्या दिवसापासून गोदाची परीक्षा माझी झाली.

ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीच्या पट्ट्या पांढऱ्या आणि काळ्या, आणि त्यांना नंबर. पांढरी एक, काळी एक, असे. कोणत्या पट्टीला 'सा' धरायचा ते वाजवणारा ठरवतो. पण सोबत तबला असला की तबला ज्या सुरात लावलाय तिथंच 'सा' धरावा लागतो. मंडळाच्या सर्क्युलरात लिहून आलं होतं की तबला काळी एकमध्ये राहील. म्हणजे आमचा सा काळी एक. मग सा रे ग म मधला साधा म, ज्याला शुद्ध मध्यम म्हणतात, तो येतो काळी तीनवर.

आणि आमच्या पेटीची मधली काळी तीन मुकी होती.

दाबली की नुसता वारा. आतली पितळेची जीभ असते, तिला रीड म्हणतात, ती तुटलेली. मी पेटी खोलून बघितली होती. दुसऱ्या पट्टीखालची रीड काढून बसवून बघितली, मापात बसेना. एका सुराला एकच रीड असलेली साधी पेटी, त्यामुळं एक गेली की सूरच गेला. खालच्या सप्तकात तर जागोजाग वारा गळायचा. वरच्या सप्तकात वाजवावं तर वरच्या सा ला पोचायच्या आधी पट्ट्याच संपायच्या. राहिलं मधलं, आणि त्याचा म गेलेला.

मी तीनदा दरखास्त दिली. पेटी सोलापूरला दुरुस्तीला पाठवा म्हणून. पहिल्या दरखास्तीला उत्तर नाही. दुसरीच्या वेळी वकीलसाहेब हसून म्हणाले की बाई, एवढ्या पट्ट्यांत एक वाजत नाही म्हणून पेटी वाजत नाही असं होतं का. तिसरीच्या वेळी ते म्हणाले, आता दरखास्त म्हणू नका, अर्ज म्हणा, राज्य बदललं. तेवढी दुरुस्ती मात्र त्यांनी ताबडतोब केली.

देवळातल्या भजनी मंडळाची पेटी चांगली होती. ते द्यायलाही तयार होते. तर वकीलसाहेब म्हणाले, सेंटरची परीक्षा सेंटरच्याच पेटीवर, बाहेरचं वाद्य आणलं तर शाळेची काय इज्जत राहील?

मग मी काय करणार? सिलॅबस घेऊन बसले. भूप, यमन, बिलावल, काफी, खमाज, भैरव, दुर्गा, यांतले तीन निवडायचे आणि प्रत्येकाची एक गत, म्हणजे वाजवायची बांधलेली रचना, तयार करायची. लोकांना वाटतं शिकाऊ मुलांना सोपं काय, गोड काय ते बघून निवडतात. मी काळी तीन बघून निवडत होते. बिलावलला शुद्ध म लागतो, गेला. काफी, खमाज, भैरव, दुर्गा, सगळ्यांना लागतो, सगळे गेले. भूपात म नाहीच, तो राहिला. यमनात म आहे पण तीव्र, एक पट्टी वरचा, पांढरी पाचवर. तोही राहिला. गतीसुद्धा अशा शोधल्या की खालच्या गळक्या सप्तकात उतरायलाच नको. सात पोरींची परीक्षा मी त्या एका मोडक्या पट्टीच्या कडेकडेनं काढत होते.

तिसरा काही केल्या सापडेना. मी फॉर्मातला तिसरा रकाना कोरा ठेवून मंडळाला चिठ्ठी लिहायला घेतली की पेटी अशी आहे, दोनच ऐका. वकीलसाहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात घातली. "पहिल्याच वर्षी आपलं रडगाणं पुण्या-मुंबईला कळवायचं का?" म्हणाले. मग माझ्यासमोर स्वतःच्या फाउंटन पेननं सातही फॉर्मांवर तिसऱ्या रकान्यात 'बिलावल' लिहिलं. म्हणाले, एक तरी सकाळचा पाहिजे, बरं दिसतं. आणि एक्झामिनर पहिल्या दोनांतलाच विचारतात, फिकीर करू नका.

मी बिलावलही शिकवला. काय करता. आणि इथं एक गोष्ट झाली, ती त्या वेळी मला गंमतच वाटली होती. शिकवताना काळी तीन आली की मी तोंडानं 'म' म्हणायची, सूर कानात राहावा म्हणून. मग वाजवणारी पोर म्हणायला लागली. मग सगळा वर्गच. बोट पट्टीवर, भाता वारा सोडतोय, आणि सात पोरी एका सुरात 'म'. बिलकुल बरोबर जागेवर. रोज कान देऊन देऊन त्यांचा म पेटीपेक्षा पक्का झाला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेत येऊन बघते तर पेटी चकचकीत. वकीलसाहेबांनी तिला पॉलिश करून घेतलं होतं. वर मखमलीचं आच्छादन, त्यावर शाळेचं नाव भरलेलं. मी आधी आच्छादन काढून काळी तीन दाबली. फुस्स.

तर अशी ती सकाळ. एक्झामिनरांना दुपारची गाडी होती म्हणून परीक्षा सकाळी ठेवलेली. त्यात आमचा काय दोष? पण ते म्हणाले, "या निजामी मुलखात सगळंच उलटं दिसतं. बरं, तिसरा तरी वेळेचा आहे. मुली, बिलावल वाजव."

गोदानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तबलजीनं ठेका धरला आणि गोदानं गत सुरू केली. सा, रे, ग छान वाजले. बोट काळी तीनवर गेलं, पेटीनं नुसता श्वास सोडला, आणि गोदानं तोंडानं 'म' म्हटलं. सवयच ती. आणि त्याच क्षणी बाहेर व्हरांड्यात नंबराची वाट बघत बसलेल्या सहा पोरींनीही म्हटलं, 'म'. एका सुरात, मोठ्यानं.

ठेका थांबला. साहेब उठून उभे राहिले.

"बाहेरून सांगतंय कोण?" ते म्हणाले. "सरळसरळ कॉपी चाललीय. मी हा नंबर रद्द करतो."

गोदाच्या हातातून भाता सुटला. मी वकीलसाहेबांकडं बघितलं. आता तरी हे बोलतील. ते उठले आणि म्हणाले, "साहेब, मी बाहेरच्या मुलींना समज देतो. मुली खेड्यातल्या आहेत, त्यांना शिस्तीची—"

तिथं माझं डोकं गेलं. मी दार सोडून आत गेले.

"साहेब, रद्द करायच्या आधी ती पट्टी दाबा," मी म्हटलं.

"कसली पट्टी?"

"मधली काळी तीन. तुमच्या हातानं दाबा. भाता मी मारते."

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, खामोश राहा." राज्य बदललं तरी घाईत जुनाच शब्द आला त्यांच्या तोंडी. मी खाली बसले, पेटी साहेबांच्या पायाशी ओढली आणि भाता मारायला लागले. साहेब माणूस गर्विष्ठ, पण गाण्यातला होता. वाकला आणि त्यानं पट्टी दाबली. वारा. परत दाबली. वारा. शेजारची दाबली, वाजली. पुन्हा काळी तीन. त्या खोलीत बराच वेळ तेवढाच आवाज होता.

"हे आधी का कळवलं नाही?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, बरं का. वकीलसाहेबांना नाही.

"तीनदा लिहून दिलंय. आणि तुमच्या मंडळाला लिहिलेली चिठ्ठी या वकीलसाहेबांच्या खिशात गेली. भूप आणि यमन मी वेळ बघून निवडले नाहीत. ते एवढेच या पेटीवर पूर्ण वाजतात."

वकीलसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. साहेब गोदाकडं वळले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "सूर पेटीत नाही, मग तू कुठून आणलास?"

गोदा म्हणाली, "पाठ हाय जी. रोज आमीच म्हणतो त्याला."

साहेब परत खुर्चीत बसले. तिच्याकडून भूप वाजवून घेतला. पुढच्या सहा जणींना तर त्यांनी बिलावल विचारलाच नाही. भूप आणि यमन. सकाळी दहा ते बारा संध्याकाळचे राग वाजले आणि आभाळ काही कोसळलं नाही. जाताना त्यांनी वकीलसाहेबांचा हार घेतला, चहा घेतला आणि मला म्हणाले, मुलींचे कान चांगले आहेत. मला वाटलं, निभावलं.

रिझल्ट आला. सातही पास. सहा जणी दुसऱ्या वर्गात. गोदा काठावर, तिसऱ्या वर्गात. तिच्या मार्कांच्या कागदावर शेरा होता: 'बिलावल अपूर्ण. वादनाऐवजी गायन केले.' ज्या माणसानं स्वतःच्या बोटानं ती पट्टी दाबून बघितली त्यानंच हे लिहिलं. वाजवायला पहिला नंबर गोदाचा लागला, एवढाच तिचा गुन्हा. तिच्या जागी दुसरी कुणी पहिली बसती तर शेरा तिच्या कागदावर आला असता. मी मंडळाला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की एक्झामिनरांचा निर्णय अंतिम असतो.

गोदाचे वडील कागद घेऊन माझ्याकडं आले. शेरा त्यांना वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. ते म्हणाले, "म्हंजे पेटी वाजवत वाजवत गायली बी?" मी म्हटलं व्हय. "मग मार्क जास्ती पाहिजेत की," म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं बोललेला हा एकच पुरुष. पास म्हणजे पास, त्यांनी शब्द पाळला. पोर ट्रेनिंगला गेली.

आणि पेटी? पुढच्या वर्षी वकीलसाहेबांची पुतणी परीक्षेला बसली. तिचा फॉर्म भरायच्या आठ दिवस आधी पेटी सोलापूरला जाऊन आली. मी चौथी दरखास्त दिलीच नव्हती.

काही वर्षांनी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून गोदाचं कार्ड आलं. तिकडच्या शाळेत मास्तरीण झाली होती, मुलींना पेटी शिकवायला लागली होती. खुशाली एका ओळीत. मग लिहिलं होतं: 'बाई, इथल्या पेटीची काळी पाच गेलीय. तीनदा अर्ज दिला. परीक्षा सकाळची आहे. मुलींना काय देऊ?'

कार्ड मी दोनदा वाचलं. राज्य एकदा बदललं, पुन्हा बदललं, आणि पोरींनी अजून मोडक्या पट्टीच्या कडेकडेनंच चालायचं. मग दौत घेतली आणि लिहिलं: 'काळी एकचा सा धरून भैरव दे. त्यात ध कोमल, काळी पाच लागत नाही, आणि वेळही सकाळचीच. तिसरा रकाना दुसऱ्या कुणाला भरू देऊ नकोस. आणि सेक्रेटरीला कुणी पुतणी आहे का, तेवढं बघ.'