पार्वतीच्या कुत्रीची गाठ

आज सकाळी पशुवैद्यक असलेली माझी नात म्हणाली, "आजोबा, आता कुत्र्यांच्या कॅन्सरवरून माणसांचा कॅन्सर समजून घेतात." मित्रांनो, मला एकदम पारनेरची पार्वती आठवली.

एकाहत्तर साल. मी तिथे गुरांचा डॉक्टर होतो. पार्वती आणि तिचा नवरा त्यांची कुत्री घेऊन आले. कुत्रीच्या सडाजवळ कडक गाठ होती. मी ती कापून काढली आणि म्हणालो, "कॅन्सर वाटतोय. बायकांनाही छातीत अशी गाठ होते. ही पुण्याला तपासायला पाठवतो."

 पार्वती हळूच म्हणाली, "डाक्टर, मला बी हाय. दुखत न्हाई, म्हनून कुनाला बोलले न्हाई."

"आजच नगरच्या दवाखान्यात जा," मी म्हणालो.

नवरा म्हणाला, "बाजरी निघू द्या, मग बघू."

"कुत्रीला आनताना बाजरी आडवी आली न्हाई," असं म्हणून ती तडक एसटी स्टँडकडे निघाली. नवरा कुत्रीला उचलून मागे गेला.

नगरला तिची गाठ ऑपरेशन करून वेळेत काढली. पार्वतीने पुढे नातवंडं खेळवली. मीही त्यानंतर कुत्र्याची एकही गाठ न तपासता फेकली नाही. लोक हसले, तरी नाही.

तुमच्या घरात कुणी दुखत नाही म्हणून गप्प बसलंय का? आजच विचाराल?