बोनेटवरचा हात

बायांनो, आज नातीनं मले जुन्या गाड्यांच्या मेळ्यात नेलं, आमच्याच फियाटमध्ये. सुमी पोटात होती तेव्हा घेतलेली गाडी. हे गेल्यापासून झाकूनच होती. नातीनं दुरुस्त केली, तरी मी आजवर बोनेटले हात नाही लावला.

गाडी घेतली तेव्हा रामटेकले फोटो काढला, त्यात यांचा हात माह्या खांद्यावर नाही, बोनेटवर. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मी म्हटलं होतं, "बायको इकडं हाय."

आज पाहते तं काय, सारे अनोळखी गाडीवाले फोटोले तसाच हात ठेवून उभे. मी पाहतच राहिली.

नात म्हणे, "आजी, तू बी ठेव वं."

ठेवला. बोनेट गरम होतं, जित्या पाठीसारखं.

तुमच्या घरी कोणाची गाडी झाकून हाय वं?